नकाशा नंतर बघ, आधी पाऊस बघ

ताई, मी २८ वर्षांची आहे. नोकरी सोडून ऑक्टोबरच्या शेवटी सहा महिन्यांच्या बॅकपॅकिंगला निघायचं पक्कं केलंय. बालीपासून सुरुवात करायची आणि नकाशावर वर वर सरकत जायचं, इंडोनेशिया, सिंगापूर, मलेशिया, फिलिपिन्स, मग दक्षिण थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम आणि शेवटी मार्च-एप्रिलमधे लाओस आणि चियांग माई. एक्सेलमधे १८० दिवसांचा रोजचा प्लॅन तयार आहे, कुठल्या दिवशी कुठे झोपायचं तेसुद्धा लिहिलंय. मैत्रीण पहिला महिना सोबत असेल, नंतर मी एकटी. आईला रात्र रात्र झोप लागत नाही. सगळी बुकिंग आत्ताच करून टाकू का? बॅग केवढी घेऊ? आणि खरं सांगू का, आजकाल तो प्लॅन उघडला की मजा नाही वाटत, छातीवर दडपण येतं.

(नाव छापू नका)

अगं, तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मी तिथेच थांबले, कारण बाकीच्या सगळ्या प्रश्नांचं मूळ तिथे आहे. दडपण येतंय म्हणजे तू घाबरट आहेस असं अजिबात नाही, तो प्लॅनच तसा आहे. १८० दिवसांत आठ देश म्हणजे एका देशाला बावीस-तेवीस दिवस, ऐकायला भरपूर वाटतात, पण त्यातून बॉर्डर ओलांडण्यात गेलेले दिवस काढ, रात्रभर बसमधे अवघडून मग दुसरा दिवस झोपून काढला ते काढ, पोट बिघडलं ते काढ, कपडे धुतले, सिमकार्ड शोधलं, एटीएम शोधलं, पुढच्या व्हिसाची वाट बघत बसलीस ते सगळे दिवस काढ, मग हातात काय उरतं ते बघ. पहिल्या महिन्यात हा वेग जमतो कारण उत्साह असतो. तिसऱ्या महिन्यात माणूस थकतो, समोर कितीही सुंदर देऊळ असलं तरी आत जावंसं वाटत नाही, आणि मग अपराधी वाटतं की एवढं सगळं सोडून आलोय आणि मला काहीच का वाटत नाहीये. हे लांबच्या प्रवासात जवळजवळ सगळ्यांचं होतं आणि त्यावर उपाय एकच आहे, देश कमी करणं.

पण देशांच्या संख्येपेक्षाही मला तुझ्या प्लॅनची दिशा जास्त खटकतेय. तू नकाशा बघून रूट आखलायस, खालून वर, आणि नकाशावर तो खरंच छान दिसतो. पण उष्ण कटिबंधात फिरताना रूट ठरवतो तो पाऊस. आता तुझाच प्लॅन महिन्यांच्या शेजारी ठेवून बघ. बालीचा पावसाळा साधारण नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो, म्हणजे तू बरोबर त्याच्या तोंडावर उतरणार. मग मलेशिया, तिथल्या पूर्व किनाऱ्याची पेरहेंतियन आणि तिओमनसारखी बेटं नोव्हेंबर ते फेब्रुवारी जवळपास बंदच असतात, समुद्र खवळलेला, बोटी कमी, बरेचसे रिसॉर्ट कुलूप लावून बसलेले. आणि शेवटचं म्हणजे चियांग माई आणि उत्तर लाओस तू मार्च-एप्रिलला ठेवलंयस, जेव्हा त्या सगळ्या पट्ट्यात शेतं आणि जंगलं जाळण्याचा सीझन असतो, हवा इतकी खराब होते की समोरचा डोंगर दिसत नाही आणि लोक मास्क लावून फिरतात. म्हणजे एकेक जागा तू तिच्या सगळ्यात वाईट महिन्यात गाठतेयस, आणि तेसुद्धा इतकी मेहनत करून!

हे का होतं ते एकदा समजून घे म्हणजे पुढे स्वतःचं स्वतःला ठरवता येईल. या भागात वर्षातून दोनदा वारे दिशा बदलतात. साधारण मे ते ऑक्टोबर वारा नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा पश्चिमेकडे तोंड असलेले किनारे भिजतात, म्हणजे थायलंडचा अंदमान समुद्राकडचा भाग, फुकेत, क्राबी वगैरे. मग वारा उलटतो आणि ईशान्येकडून समुद्रावरचं बाष्प घेऊन येतो, तेव्हा पूर्वेकडे तोंड असलेल्यांची पाळी. को सामुईला ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस, मध्य व्हिएतनामला म्हणजे ह्युए, दानांग, होई आन या पट्ट्यात सप्टेंबर ते डिसेंबर, आणि होई आनच्या जुन्या गावात तर तेव्हा कित्येकदा रस्त्यावरून होड्या चालतात. त्यामुळे ‘थायलंडला कधी जावं’ किंवा ‘व्हिएतनामला कधी जावं’ हा प्रश्नच चुकीचा आहे, थायलंडच्या कुठल्या किनाऱ्याला आणि व्हिएतनामच्या कुठल्या भागाला असं विचारायचं.

तर मी तुझ्या जागी असते तर प्लॅन उलटा केला असता. ऑक्टोबरअखेर बँकॉक, तिथे नुसतं चार-पाच दिवस बसायचं, कारण उकाड्याची शरीराला सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि पहिल्याच दिवशी भर दुपारी पायी फिरून लोक आजारी पडतात. नोव्हेंबरमधे चियांग माई. पाऊस नुकताच संपलेला, डोंगर हिरवे, हवा स्वच्छ, आणि नोव्हेंबरच्या पौर्णिमेला लॉय क्राथोंग, म्हणजे पाण्यात दिवे सोडायचा सण, तेवढ्या दिवसांचं हॉटेल मात्र आधी बुक कर, शहर भरून जातं. तिथून चियांग खोंगला बॉर्डर ओलांडली की पलीकडे लाओसचं हुए साय, आणि तिथून मेकाँग नदीतून दोन दिवसांची स्लो बोट लुआंग प्रबांगला जाते, मधली रात्र पाकबेंग नावाच्या छोट्या गावात. ही बोट चुकवू नकोस. दोन दिवस नुसतं पाणी आणि डोंगर बघत बसायचं, फोनला धड रेंज नाही, आणि त्याच बाकावर बसलेली माणसं पुढे महिनाभर वेगवेगळ्या गावांत तुला भेटत राहतात. तू एकटी पडणार ही जी भीती आहे ना, तिच्यावर अशा प्रवासाइतका चांगला उपाय नाही.

लुआंग प्रबांगहून व्हिएन्तिआनला आता ट्रेन आहे, डिसेंबर २०२१ पासून, साधारण दोन तासांत पोचवते, पूर्वी तोच घाटरस्ता बसने करायला जवळजवळ अख्खा दिवस जायचा. तिथून दक्षिणेकडे उतरत जा, थाखेक, पाक्से, बोलावेन पठारावरचे धबधबे, आणि अगदी खाली मेकाँगमधली ‘सी फान दोन’ नावाची बेटं जिथे काहीही करायचं नसतं. तिथूनच रस्त्याने कंबोडियात उतरता येतं, आणि हा रस्ता मी मुद्दाम सुचवतेय. तुझ्या प्लॅनमधे थायलंडहून जमिनीवरून कंबोडिया आहे, पण २०२५ मधे त्या दोन देशांच्या सीमेवर लढाई झाली आणि बॅकपॅकर वर्षानुवर्षं ज्या पोईपेतच्या चौकीवरून सियाम रीपला जायचे ती बंद झाली. तू निघशील तेव्हा काय परिस्थिती असेल ते निघायच्या आठवड्यात तपासायचं, आज नाही. तुझ्या एक्सेलमधे मात्र त्या दिवसापुढचं सगळं त्या एका चौकीवर लटकलेलं आहे, कळतंय का मी काय म्हणतेय?

डिसेंबर आणि जानेवारीचा पहिला भाग कंबोडिया. सियाम रीपजवळच्या अंगकोरच्या देवळांचा तीन दिवसांचा पास काढ, तो सलग तीन दिवस वापरायची सक्ती नाही, दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस चालतात, त्यामुळे एक दिवस देवळं आणि एक दिवस आराम असं कर, पहाटे जा आणि अकरापर्यंत परत ये. तोनले साप सरोवरही बघ, पावसाळ्यात मेकाँगला इतकं पाणी येतं की सरोवरातून बाहेर वाहणारी नदी उलटी फिरून आत वाहायला लागते आणि सरोवर कित्येक पट मोठं होतं, तू जाशील तेव्हा ते पाणी हळूहळू उतरत असेल. मग नॉम पेन्हहून बसने मोक बाई चौकीवरून सायगाव, म्हणजे हो ची मिन्ह सिटी. जानेवारीत दक्षिण व्हिएतनाम कोरडं असतं, फेब्रुवारीपर्यंत होई आन, ह्युएकडचा पाऊस सरलेला असतो, मार्चमधे हनोई आणि वरचे डोंगर. सायगाव ते हनोई रेल्वेलाइन १,७२६ किलोमीटरची आहे, ती एका दमात करायची नाही, तुकड्या तुकड्यांनी करायची, आणि दानांग ते ह्युए हा तुकडा दिवसाच कर कारण ट्रेन हाय वान घाटात अगदी समुद्राच्या कडेने जाते. एप्रिलला हनोईहून फ्लाईट घेऊन बाली, तेव्हा तिथला पाऊस ओसरलेला असतो, शेजारच्या लोम्बोकवरचा रिंजानी ज्वालामुखी पावसाळ्यात ट्रेकिंगला बंद असतो तोही साधारण एप्रिलला उघडतो. झाले पाच देश. सिंगापूर, मलेशिया आणि फिलिपिन्स काढून टाक. फिलिपिन्स तर एकट्यानेच दोन महिने खाईल असा देश आहे, सात हजारांहून जास्त बेटं, तिथे पळत पळत जाण्यात अर्थ नाही.

आता बुकिंग. सगळं आधी बुक करू नकोस, पण सगळं वाऱ्यावरही सोडू नकोस. जाण्याचं तिकीट, प्रत्येक नवीन देशातल्या पहिल्या दोन रात्री आणि सणांचे दिवस, एवढं पक्कं ठेव. सणांमधे सगळ्यात महत्त्वाचा व्हिएतनामचा टेट, त्यांचं चांद्र नववर्ष, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं, तेव्हा अख्खा देश आपापल्या गावी जातो, ट्रेन-बस महिनाभर आधी भरतात आणि दुकानं बंद असतात. तेवढा आठवडा एकाच गावात मुक्काम ठोकून बस. बाकीचं आठवडाभर आधी ठरव. स्लो बोटीवर कोणीतरी एखाद्या गावाबद्दल असं काही सांगेल की तुला तिकडे वळावंसं वाटेल, आणि पुढच्या वीस हॉटेलांचे पैसे भरलेले असतील तर तू वळणार नाहीस.

व्हिसाचे नियम पासपोर्टप्रमाणे बदलतात आणि वरचेवर बदलतात, म्हणून ते फक्त त्या त्या देशाच्या सरकारी साइटवर बघायचे, आणि साइट खरंच सरकारी आहे ना ते दोनदा बघायचं, कारण हुबेहूब दिसणाऱ्या दलालांच्या साइट सर्चमधे वर येतात. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतरही सहा महिने व्हॅलिड हवा आणि कोरी पानं भरपूर हवीत, जमिनीवरून इतक्या बॉर्डर ओलांडताना पानं भराभर संपतात. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंत मिळतो, पण फॉर्ममधे कुठल्या चौकीतून आत येणार ते लिहावं लागतं, मोक बाई लिहिलंस तर मोक बाईनेच जा. थायलंडला मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, येण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, आणि ते फुकट आहे, कोणी पैसे मागितले तर ती साइट खोटी. पुढे बाहेर जायचं तिकीट दाखवा असं एअरलाइनवाले चेक-इनलाच विचारू शकतात, त्याची सोय आधी करून ठेव.

आणि आता ज्या गोष्टीचा तुझ्या अख्ख्या पत्रात एक शब्द नाही ती. तब्येत. १८० ओळींच्या एक्सेलमधे लसींची एक ओळ नाहीये गं, आणि खरं तर सुरुवात तिथून व्हायला हवी कारण लसींना वेळ लागतो. निघायच्या किमान सहा ते आठ आठवडे आधी प्रवासाच्या आजारांची माहिती असलेल्या डॉक्टरकडे जा आणि देशांची नुसती नावं देऊ नकोस, गावं सांग, डोंगरात राहणार, खेड्यात राहणार, हे सांग, कारण त्यावर सगळं अवलंबून असतं. हिपॅटायटिस ए, टायफॉइड, धनुर्वाताचा बूस्टर हे तर आलंच. जॅपनीज एन्सेफलायटिसची लस खेड्यापाड्यांत, भातशेतीच्या भागात लांब राहणाऱ्यांना देतात, तिच्या दोन डोसमधे सहसा २८ दिवसांचं अंतर ठेवतात, म्हणजे आठवडा आधी जागी झालीस तर डॉक्टरचे हात बांधले जातात. यलो फीव्हर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत असतो, आशियात नाही, त्यामुळे या रूटला त्याची गरज नाही, पण मधे कुठे तिकडचा फाटा घेतलास तर सर्टिफिकेट लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं.

रेबीजच्या लसीबद्दल मी हट्टाने सांगणार आहे, कारण लोक ती महाग म्हणून सोडून देतात. बालीला माकडं आहेत, सगळीकडे रस्त्यावरची कुत्री आहेत, आणि लक्षणं सुरू झाली की रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आधी लस घेतली असली तरी चावल्यावर दोन डोस घ्यावेच लागतात, पण मग इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, लागत नाही, आणि ते इम्युनोग्लोब्युलिनच लाओसच्या एखाद्या गावात किंवा छोट्या बेटावर मिळत नाही, त्यासाठी प्लॅन मोडून मोठ्या शहरात पळावं लागतं. लस घेतलेली असो वा नसो, चावलं, ओरखडलं, जखमेला चाटलं तरी आधी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि मग त्याच दिवशी दवाखाना.

मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्या की नाही हे गावांप्रमाणे ठरतं, बँकॉक, चियांग माई, हनोईसारख्या शहरांत धोका नगण्य, सीमेलगतच्या जंगलात जास्त. डॉक्टरने डॉक्सीसायक्लिन दिलं तर ते रोज घ्यायचं, धोक्याच्या भागातून बाहेर पडल्यावरही चार आठवडे, आणि भरपूर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही कारण अन्ननलिकेला जळजळ होते. त्याने त्वचाही उन्हाला जास्त हळवी होते, हे बेटांवर जाताना लक्षात ठेव. डेंग्यूला मात्र गोळी नाही आणि तो पसरवणारा डास दिवसा चावतो, म्हणून फक्त रात्री मच्छरदाणीत झोपलं की झालं असं नसतं, सकाळी आणि संध्याकाळी उजेड असतानासुद्धा हातापायाला डीईईटी किंवा पिकारिडिनवालं रिपेलंट हवं. आणि हे पाठ करून ठेव, ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन नाही, ॲस्पिरिन नाही, कारण डेंग्यू असला तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यूत फसवणारी गोष्ट अशी की ताप उतरतो तेव्हाच कधी कधी तब्येत खरी बिघडायला लागते, म्हणून ताप गेल्यावर पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं तर बरं वाटेल म्हणून हॉस्टेलच्या बेडवर पडून राहायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं. परत आल्यावरही कित्येक महिने कधीही ताप आला तर डॉक्टरला सांगायचं की मी अशा अशा भागात होते.

इन्शुरन्स काढ, आणि त्यात मेडिकल इव्हॅक्युएशन आहे का ते बघ, लाओसमधे काही गंभीर झालं तर पेशंटला सहसा थायलंडला हलवतात आणि तो खर्च माणसाला वर्षानुवर्षं फेडत बसायला लावू शकतो. दुसरं, स्कूटर. ही या प्रवासातली सगळ्यात धोकादायक गोष्ट आहे, साप नाही, मलेरिया नाही, स्कूटर. भाड्याने देणारा लायसन्स विचारतही नाही आणि म्हणून सगळ्यांना वाटतं चालतं, पण तुझ्याकडे टू-व्हीलरचं लायसन्स आणि त्या देशात चालणारं इंटरनॅशनल परमिट नसेल तर अपघात झाल्यावर इन्शुरन्स कंपनी हात वर करते. व्हिएतनाम फक्त १९६८ च्या व्हिएन्ना कन्व्हेन्शनखालचं (हा रस्ता वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार) परमिट मानतं, तुझं कुठल्या कन्व्हेन्शनचं आहे ते बघून घे. चियांग माईहून पाईला जाणारा रस्ता ७६२ वळणांसाठी प्रसिद्ध आहे, तिथे आयुष्यात पहिल्यांदा स्कूटर चालवणारे लोक जातात आणि पाईमधे हातापायाला बँडेज बांधलेले दिसतात. तू मिनीबसने जा. उत्तर व्हिएतनामच्या हा जियांगला जायचं असेल तर तिथलाच ड्रायव्हर घे आणि मागे बस, तसंही डोंगर बघायला मागेच बरं.

दारूचंही सांगते, पीत नसशील तर पुढे जा. नोव्हेंबर २०२४ मधे लाओसच्या वांग विएंगमधे मिथेनॉल मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटकांचा जीव गेला, त्यातल्या काही मुली तुझ्यापेक्षाही लहान होत्या. फुकटचे शॉट, बादलीतली कॉकटेल, लेबल नसलेल्या बाटल्या नको, सीलबंद बिअर घे. आणि पिऊन काही तासांनी नजर धूसर झाली तर ते हँगओव्हर समजून झोपायचं नाही. ई-सिगारेट वापरत असशील तर घरीच ठेव, थायलंडमधे बंदी आहे. लाओसमधे फिरताना मळलेली वाट सोडून झाडीत शिरायचं नाही, १९६४ ते १९७३ या काळात त्या देशावर वीस लाख टनांच्या वर बॉम्ब टाकले गेले आणि त्यातले न फुटलेले आजही जमिनीत आहेत, लोक आजही त्यात जखमी होतात.

एकटीने फिरायची भीती. मैत्रीण पहिला महिना आहे हे चांगलंच आहे, फक्त त्या महिन्यात सगळी तिकिटं, सगळे नकाशे, सगळी घासाघीस तिच्यावर सोपवू नकोस, नाहीतर ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तुला बसस्टँडपण सापडणार नाही. शेवटच्या आठवड्यात दोन-तीन दिवस मुद्दाम वेगवेगळ्या फिरा आणि रात्री भेटा. आणि पैशांचं निघायच्या आधीच बोलून घ्या, कोणाला एसी रूम हवी आणि कोणाला डॉर्म चालते यावरून चांगल्या मैत्रिणींमधे धुसफूस होते. एकटी झालीस की एक नियम पाळ, नवीन गावात उजेड असताना पोचायचं. उष्ण कटिबंधात दिवस-रात्र बऱ्यापैकी सारखी असतात, संध्याकाळी सहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश फारसा रेंगाळत नाही, बघता बघता अंधार होतो. त्यामुळे चारला पोचणारी बस घे, आठला पोचणारी नको, भले ती स्वस्त असेल. मुलींची डॉर्म घे, टॅक्सी बोलवायचं ग्रॅब ॲप थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम आणि इंडोनेशियात चालतं ते निघायच्या आधीच कार्ड जोडून तयार ठेव. आणि एखादी जागा, एखादा माणूस बरा वाटला नाही तर कारण शोधत बसू नकोस, निघून जा, पहिल्या रात्रीचे पैसे गेले तर गेले.

आईची काळजी समजावून जाणार नाही, माहितीने थोडी कमी होईल. तिला तो उलटा केलेला प्लॅन नकाशावर दाखव, इन्शुरन्सची पॉलिसी आणि त्यांचा इमर्जन्सी नंबर, पासपोर्टची कॉपी, लसींचं कार्ड तिच्या फोनमधे ठेव. रोज फोन करीन असं वचन देऊ नकोस, स्लो बोटीवर रेंज नसते आणि एक दिवस फोन आला नाही की ती पोलिसांना फोन करायला निघेल. त्यापेक्षा गाव बदललं की मेसेज, आणि आठवड्यातून एक ठरलेला वार व्हिडिओ कॉलला. आणि लसींच्या डॉक्टरकडे तिला बरोबर घेऊन जा. तिला जे प्रश्न तुला विचारता येत नाहीत ते ती डॉक्टरला विचारेल.

बॅग चाळीस लिटरची, त्यापेक्षा मोठी नको, कमरेचा पट्टा चांगला असलेली. सात-आठ किलोच्या वर वजन गेलं की परत उघड आणि काढ. जीन्स नको, दमट हवेत वाळत नाहीत आणि कुबट वास मारतात. सहा महिन्यांचे कपडे न्यायचे नसतात, आठवड्याचे न्यायचे आणि धुवायचे. देवळांसाठी खांदे आणि गुडघे झाकणारं एक काहीतरी, पासपोर्ट आणि फोनसाठी पाणी न शिरणारी छोटी पिशवी, ओआरएसची पाकिटं, बुरशीवरचं क्रीम (घाम आणि ओले बूट, लागतंच). सनस्क्रीन घेताना मागचं लेबल वाच, थायलंडने २०२१ पासून समुद्री नॅशनल पार्कमधे ऑक्सीबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेटवाल्या सनस्क्रीनवर बंदी घातलीय, ती प्रवाळाला मारतात. स्वतःची नेहमीची औषधं असतील तर मूळ पाकिटात आणि प्रिस्क्रिप्शनसकट ने, झोपेच्या किंवा जोरदार दुखण्याच्या गोळ्यांवर काही देशांत कडक नियम आहेत.

पैशांचे तीन वेगळे गठ्ठे कर. एक निघायच्या आधीच संपणारा, तिकीट, लसी, इन्शुरन्स, व्हिसा. दुसरा रोजचा. तिसरा ज्याला हात लावायचा नाही, त्यात कुठूनही त्याच दिवशी घरी परतायचं तिकीट आणि हॉस्पिटलचं डिपॉझिट बसलं पाहिजे. हा तिसरा गठ्ठा जमत नसेल तर सहा महिन्यांचे चार महिने कर, पण तो ठेवच. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं, दोन वेगळ्या खिशांत. एटीएमवर ‘तुमच्या चलनात पैसे कापू का’ असं विचारतं तेव्हा नाही म्हणायचं, रेट वाईट असतो. कंबोडियात डॉलर सर्रास चालतात पण कोपऱ्याला जरा फाटलेली नोट घेत नाहीत, त्यामुळे कोऱ्या नोटा ने, आणि सुटे म्हणून कोणी फाटकी नोट देऊ लागलं तर तीही घेऊ नकोस. तुझं बजेट सगळ्यात जास्त खाणारी गोष्ट जेवण किंवा राहणं नसते, सतत हलत राहणं असते. एका गावात दहा दिवस राहिलीस तर गेस्टहाउसवाले भाव कमी करतात, बसचं तिकीट लागत नाही, आणि सकाळी कॉफीवाला तुला बघून न विचारता कप भरायला लागतो.

तर या आठवड्यात फक्त दोन कामं कर. डॉक्टरची अपॉइंटमेंट घे, आणि येत्या टेटची तारीख शोधून तो आठवडा कुठे काढायचा ते ठरव. एक्सेल उघडू नकोस. बालीचं जाण्याचं तिकीट अजून काढलं नसशील तर काढू नकोस, काढलं असशील तर आजच बदलायला किती लागतात ते विचार, जितका उशीर करशील तितके ते पैसे वाढत जातात.